परदेशी विद्यार्थ्यांनी मुंबईत मत्स्यशेतीचे उच्च शिक्षण कसे घ्यावे
मुंबईतील वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली आणि १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आशिया व आफ्रिकेतील विद्यार्थीही येथे पदव्युत्तर शिक्षणासाठी येतात. शिष्यवृत्तीची चौकशी त्यांनी आपल्या देशातील भारतीय दूतावासात वेळेवर करावी.

विषय निवडताना मात्र घाई करू नये. मायदेशी पाणी कोणत्या प्रकारचे आहे, हे आधी पाहावे: जिथे जमिनी खारवटल्या आहेत तिथून आलेल्याने संस्थेच्या हरियाणातील रोहतक केंद्रात भूगर्भातील खाऱ्या पाण्यावरची कोळंबीशेती अवश्य अभ्यासावी.

प्रत्यक्ष तळ्यावरचे काम कधीही टाळू नये. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र चालूच राहते, त्यामुळे पाण्यात विरघळलेला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. म्हणून मोजणी सूर्योदयापूर्वी करावी, आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर खाद्य थांबवून एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) लगेच सुरू करावा. ही नजर केवळ वर्गात बसून येत नाही.

प्रबंधाचा विषय भाताचा कोंडा, शेंगदाणा पेंड अशा स्थानिक खाद्यावर बेतावा, कारण आयात केलेले महागडे खाद्य लहान मत्स्यशेतकऱ्याला परवडत नाही.