जुनी गाडी ट्रॅक-डेसाठी कशी तयार करावी

ट्रॅक-डे म्हणजे आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर, शर्यत न लावता, जोरात चालवायचा दिवस. जुनी गाडी घेऊन तिथे जायचं ठरलं की मित्रमंडळी पहिलं विचारतात, "इंजिनात काय काम करणार?" माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिल्या वर्षी काहीही नाही. मोठा फिल्टर नाही, एक्झॉस्ट नाही, रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) नाही. रस्त्यावर वीस वर्षं निमूट चाललेली गाडी ट्रॅकवर वीस मिनिटांत मान टाकते, ती ताकद कमी पडते म्हणून नव्हे, ताप सोसत नाही म्हणून. ब्रेक, कूलंट, ऑइल, टायर, सगळ्यांचं दुखणं तेच. पुढे जे काही सांगतोय ते या तापाच्या बंदोबस्तासाठी आहे.

माझी गाडी २००३ ची मारुती एस्टीम, १२९८ सीसीचं सुमारे ८५ हॉर्सपॉवरचं इंजिन. सांगलीच्या मामांनी सोडली, मी घेतली. हलकी आहे, शोधलं तर सुटे भाग अजून मिळतात, आणि जुना मेकॅनिक तिला डोळे मिटून खोलतो. तुमची गाडी जुनी सिटी असेल, स्विफ्ट असेल, तरी क्रम हाच राहील.

आधी ट्रॅक आणि कागद

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरपाशी इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी कारी किंवा चेन्नई सुचवेन. बुद्धवर किलोमीटरभराहून लांब सरळ पट्टा आहे. त्याच्या शेवटी जो वेग येतो तो नव्या माणसाला आणि जुन्या ब्रेकला झेपणारा नाही.

पुण्याहून चेन्नईचा ट्रॅक साधारण साडेअकराशे किलोमीटर. ट्रेलर परवडत नसेल तर गाडी चालवतच न्यायची आणि तीच चालवत घरी आणायची. त्यामुळे सीट काढून हलकी केलेली, कान फुटतील एवढा आवाज करणारी गाडी मुळातच बाद. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. आरसी, पीयूसी, विमा चालू ठेवा. विमा मात्र रस्त्यापुरताच समजा. संघटित रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या आपल्याकडच्या मोटार विम्यात वगळलेल्या असतात. ट्रॅकवर जे मोडेल ते आपल्या खिशातून. तेवढी तयारी नसेल तर थोडं थांबलेलं बरं.

आणि गाडीला सीएनजी किट असेल तर? आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत ते हमखास सापडतं. डिकीत सुमारे दोनशे बार दाबाची टाकी घेऊन ट्रॅकवर जायचं नाही. किट रीतसर उतरवा, आरसीवरूनही काढून घ्या, नाहीतर दुसरी गाडी बघा.

दोन-तीन महिने आधी: गाडीची तब्येत बघा

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याची तपासणी, करून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा दहा-पंधरा टक्क्यांनी खाली असेल तर आधी इंजिनाचं काम, मग ट्रॅक. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे नक्की माहीत नसेल, तर बदललेला नाही असं धरा.

गळती एकही चालणार नाही. रस्त्यावर आपण टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून पाझरणारं ऑइल पुसत राहतो आणि दिवस काढतो. ट्रॅकवर तेच ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेऊ शकतं, आणि ट्रॅकवर सांडलं तर मागून येणारा माणूस त्यावरून घसरतो. पॅकिंग फार महाग नसतं, बदला.

कूलिंगमध्ये एक आपल्याकडची जुनी सवय मोडायची आहे. गाडी तापते म्हणून अनेक गॅरेजवाले थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्हच, काढून टाकतात. मग शहरात इंजिन नीट गरम होत नाही आणि घाटात दोष झाकलेला राहतो. माझ्या एस्टीममध्येही तो नव्हता. नवा बसवला तेव्हा गाडी खरंच तापू लागली आणि कळलं की रेडिएटर निम्मा चोंदलाय. म्हणजे थर्मोस्टॅट बसवा, रेडिएटर साफ करा किंवा बदला, होज दाबून बघा. फुगलेला, चिरलेला काढून टाका. रेडिएटरचं झाकणही नवं घ्या. आतला दाब त्या झाकणामुळे टिकतो, आणि दाब टिकला तर कूलंट शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. नळाचं पाणी नको. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. फॅन वेळेवर सुरू होतो का, हे गाडी उभी ठेवून बघा.

मग गाडी लिफ्टवर. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लोअर आर्मचे बुश, व्हील बेअरिंग, इंजिन माउंटिंग. चाक वर-खाली आणि आडवं धरून हलवा. खळ् असा जरासाही आवाज आला तर तो भाग बदलायचा. शॉकअप गळत असतील तर जोडीने बदला. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवू नका, त्याने गाडीची पकड बिघडते. हे सगळं झाल्यावरच अलाइनमेंट, आधी केलं तर पैसे वाया.

ब्रेक: इथे घाई करायची नाही

पहिल्या ट्रॅक-डेला, चौथ्या फेरीत, सरळ पट्ट्याच्या शेवटी माझं ब्रेक पॅडल जवळजवळ तळाला गेलं. दोनदा पंप केल्यावर थोडं वर आलं, मी वळणाच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत उतरलो आणि गाडी तिथे थांबली. कुणाला काही झालं नाही. पॅड नवे होते, डिस्क चांगल्या होत्या. ब्रेक ऑइल मात्र तीन वर्षांचं होतं, आणि ते बदलायचं मी "नंतर बघू" म्हणून ठेवलं होतं.

झालं काय ते समजून घ्या, म्हणजे टाळाटाळ होणार नाही. हजार किलोची गाडी १२० वरून ६० वर आणताना सुमारे चार लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेत लिटरभर पाणी माठातल्या गारव्यापासून उकळीपर्यंत जातं. हे काही सेकंदांत, एका फेरीत अनेकदा, आणि बहुतेक भार पुढच्या दोन ब्रेकवर. ती उष्णता पॅडमधून ते डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये, तिथून ऑइलमध्ये उतरते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, ओल धरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

तेव्हा ट्रॅक-डेच्या आधीच्या पंधरवड्यात, सीलबंद डब्यातलं नवं डॉट ४ किंवा ५.१. मागच्या वर्षी उघडून ठेवलेला डबा वापरू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं, पूर्ण वेगळं असतं. आकडा सारखा वाटला तरी ते या गाड्यांत घालायचं नाही.

ऑइल बदलायला दोन माणसं लागतात. मास्टर सिलिंडरपासून (पॅडलला जोडलेला, ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, मग जवळ येत जायचं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. चाकाजवळच्या ऑइल सोडायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सैल करायचा, आणि पॅडल दाबलेलं असतानाच पुन्हा आवळायचा. चहासारखं ऑइल जाऊन स्वच्छ, बिनबुडबुड्यांचं येईपर्यंत. मधे मधे वरच्या डबीत भर घालत राहा. ती रिकामी झाली की हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, ती मोजा. पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर नवे घाला. पातळ पॅड उष्णता लवकर पुढे ढकलतो. रबरी ब्रेक होज चिरलेले असतील तर बदला. मागचे ड्रम उघडून लायनर बघा, अ‍ॅडजस्ट करा. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक दाबा, पूर्ण न थांबता, आणि मग काही किलोमीटर ब्रेक न वापरता गार होऊ द्या.

टायर आणि चाकं

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांपुढचं रबर कडक झालेलं असतं, ट्रॅकला नको. वेगाचं अक्षरही बघा: एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत, टी १९०, एच २१०. महागडे टायर पहिल्या वर्षी नकोत. साधे टायर चीं करून आधी सांगतात, मग सुटतात. शिकताना असाच सांगणारा टायर हवा.

चाकाचे नट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना), पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे. पाईप लावून अंगाच्या जोराने आवळलेला नट पिळवटतो.

शेवटच्या आठवड्यात

इंजिन ऑइल नवं, आणि पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेला, तिच्या वर नाही. लांब वळणात ऑइल एका बाजूला कलतं. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातात. पेट्रोलचंही असंच, पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. ट्रॅकवर लिटरला पाच-सहा किलोमीटर मिळाले तरी धक्का बसायला नको.

बॅटरीचा क्लॅम्प हाताने हलवून बघा. पुढचा टोइंग हुक जागेवर आहे ना, आटे गंजलेले नाहीत ना, बघा. फायर एक्स्टिंग्विशर धातूच्या क्लॅम्पने पक्का बसवा, हाताला पोचेल असा. प्लॅस्टिकच्या पट्टीतला सिलिंडर धडकेत तोफगोळा होतो. मूळ सीटला आणि रोल केज (गाडी उलटली तर माणसाला वाचवणारा आतला धातूचा सांगाडा) नसलेल्या गाडीला चार पॉइंटचा हार्नेस लावू नका. कंपनीचा तीन पॉइंटचा पट्टा, तो चांगल्या स्थितीत असेल तर, जास्त सुरक्षित. हेल्मेट कोणत्या दर्जाचं लागेल ते आयोजकांना आधीच विचारा. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पातळ तळव्याचे बूट.

मग एक दिवस खंबाटकी घाट धरून शंभर-दीडशे किलोमीटर साध्या वेगाने फिरून या आणि तापमानाचा काटा, वास, आवाज यांच्याकडे लक्ष द्या. वेगाची चाचणी एक्स्प्रेसवेवर किंवा घाटात करायची नाही. तिथे लोक आपापल्या घरी जात असतात.

ट्रॅकवरचा दिवस

गाडी पूर्ण रिकामी करा. स्टेपनी, जॅक, मॅट, पाण्याची बाटली, दाराच्या खणातली नाणी. डॅशबोर्डवरचा गणपतीही. मी त्याला रुमालात गुंडाळून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत) बॅगेवर ठेवतो, परतीच्या प्रवासात तो पुन्हा जागेवर येतो.

सूचनांची बैठक चुकवू नका. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, आरशात बघा. काळा तुम्हाला दाखवला तर पिटमध्ये या. ओव्हरटेक कुठे आणि कसं करायचं याचे नियम आयोजकांचे, ते तंतोतंत पाळा.

सत्र बहुतेकदा पंधरा-वीस मिनिटांचं असतं. पहिली फेरी सावकाश, टायर आणि ब्रेक गरम करायला. मधल्या चार-पाच जोरात. शेवटची पुन्हा सावकाश, ब्रेक जवळजवळ न दाबता, वाऱ्याने गार करायला. पॅडल थोडंही लांब गेलं, तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून हलला, तर त्याच फेरीत आत या. पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेले लायनर ड्रमला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली लाकडी ठोकळा द्या.

बॉनेट उघडा. टायरचा दाब लगेच मोजा. थंडपणी भरलेल्यापेक्षा चार-सहा पीएसआय वाढलेला दिसेल, चारही चाकांना जास्तीचा सारखा सोडा. टायरच्या कडेला खडूची रेघ ओढून ठेवली असेल तर रबर कुठपर्यंत दुमडतंय तेही कळतं. रेघ पार खाली बाजूपर्यंत पुसली गेली तर दाब कमी पडतोय. संध्याकाळी रस्त्यावर निघताना दाब पुन्हा मूळ आकड्यावर आणायला विसरू नका. चाकं थोडी निवली की नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. गाडी सपाटीला दहा मिनिटं उभी राहिल्यावर ऑइलची पातळी बघा. आणि स्वतः पाणी प्या, तिथला उकाडा माणसालाही सोडत नाही.

दिवसाचं शेवटचं सत्र मी सोडून देतो. माणूस थकलेला असतो, पॅड झिजलेले असतात, आणि अजून साडेअकराशे किलोमीटर जायचं असतं.

निघण्यापूर्वी पॅडची जाडी, ब्रेक ऑइल, कूलंट, ऑइल पुन्हा एकदा. वेल्लोरच्या अलीकडे पन्नासेक किलोमीटरवर कॉफीला थांबा आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, लावू नका. एक चाक जोडीच्या चाकापेक्षा जास्त धगधगत असेल तर कॅलिपर किंवा लायनर अडकलाय. तो तिथेच सोडवून घ्या, मगच पुढे निघा.