बेसबॉल कार्डं जमवताय? निदान या चुका तरी टाळा

न्यू जर्सीत आल्यापासून मला बेसबॉल खेळाडूंचे फोटो छापलेल्या या कार्डांचा नाद आहे. ओळखीतलं कुणीतरी अधूनमधून फोटो पाठवतं आणि एकच विचारतं, "याचे किती येतील?" खेळाडू कोण, हे विचारणारा विरळाच.

पहिली चूक, जुनं म्हणजे महाग समजणं. माझ्या भाच्याने 1990 च्या आसपासची सीलबंद पाकिटं खोकंभर उचलली. "मामा, तीस वर्षांहून जुनी आहेत!" अरे, असतील. मिकी मँटल या नामवंत खेळाडूचं, टॉप्स कंपनीने छापलेलं 1952 चं कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं, कारण त्या काळी ती कार्डं कुणी जपली नाहीत. न खपलेली तर कंपनीनेच 1960 मध्ये समुद्रात बुडवली. 1990 च्या सुमाराला कंपन्यांनी भरमसाट छापलं आणि घरोघरी लोकांनी ते जपून ठेवलं. मग दुर्मिळ काय राहणार? भाच्याचं खोकं अजून माझ्याच गॅरेजमध्ये आहे.

दुसरी चूक मी स्वतः केली. एका कार्ड शोमध्ये 1955 चं टॉप्सचं रोबेर्तो क्लेमेंते या खेळाडूचं कार्ड दिसलं, त्याचं रुकी कार्ड, म्हणजे कारकिर्दीच्या सुरुवातीचं पहिलं. आडवं, चारही कोपरे सुईसारखे टोकदार, किंमत बाजारापेक्षा बरीच कमी. मागे दोघं जण उभे होते, म्हणून घाईत पैसे मोजले. ग्रेडिंगला, म्हणजे कार्ड तपासून दर्जा ठरवणाऱ्यांकडे पाठवलं आणि ते दर्जाशिवाय परत आलं: कडा कापलेल्या. त्या वर्षीचं कार्ड पावणेचार बाय दोन पूर्णांक पाच-अष्टमांश इंच असतं. माझं उंचीला जेमतेम अर्धा सूत कमी. झिजलेले कोपरे कुणीतरी छाटून टाकले होते. एवढं जुनं कार्ड आणि कोपरे असे कोरे, इथेच शंका यायला हवी होती.

तेव्हापासून शोला जाताना ज्या वर्षाचं घ्यायचं, त्याच वर्षाचं एखाद्या साध्या खेळाडूचं कार्ड स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पाकिटात घालून खिशात ठेवतो. दोन्ही एकावर एक धरून कडा बघायच्या. शंभर व्हिडिओ बघण्यापेक्षा हे बरं. विकणारा वैतागला तर वैतागू दे.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. रबरबँड लावू नका. आधी मऊ स्लीव्ह, मग टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकचं कव्हर. उघडं कार्ड टॉपलोडरमध्ये कोंबू नका. पीव्हीसीची पानं असलेले जुने अल्बम फेकून द्या. आणि डाग ओल्या कापडाने पुसायला जाऊ नका, हात जोडून सांगतो.

शोधतानाही लोक नावाला फसतात. 1957 ते 1969 टॉप्सने क्लेमेंतेला कार्डांवर 'बॉब' करून टाकलं होतं. प्वेर्तो रिकोच्या या माणसाला आपलं नाव रोबेर्तोच हवं असायचं. नुसतं 'रोबेर्तो' शोधलंत तर ती सगळी वर्षं हातची जातात. त्याचे पुरते 3,000 हिट (यशस्वी फटके) झाले आणि 31 डिसेंबर 1972 ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान कोसळलं.

ते छाटलेलं कार्ड मी विकलं नाही. टेबलावर उभं आहे, शेजारी फूटपट्टी.