नदीकाठच्या बंद जिनिंगमध्ये घरं करायची तर

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट-पुलगावकडे नदीच्या अंगाला जुन्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यांच्या, शेड उभ्या दिसतात. भिंती दणकट आहेत म्हणून लगेच आर्किटेक्ट गाठू नका. आधी पाटबंधारे विभागाच्या नकाशावर पूररेषा बघा.

निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतला. राज्याच्या 2020 च्या एकात्मिक बांधकाम नियमावलीप्रमाणे नदी ते निळी रेषा या पट्ट्यात नवं घर होत नाही. तिथे बाग, पार्किंग ठेवा. निळी ते लाल या पट्ट्यात जोतं (घराच्या फरशीची पातळी) लाल रेषेच्या पातळीहून किमान 0.45 मीटर वर लागतं. सर्व्हेअरला शेडच्या फरशीची पातळी समुद्रसपाटीपासून काढायला सांगा. कुठल्यातरी ओट्याला 100 धरून घेतलेली लेव्हल पूररेषेशी जुळतच नाही, आणि परवानगीचं प्रकरण इथेच परत येतं. फरशी हव्या त्या पातळीहून मीटर-दीड मीटर खाली निघाली तर भरण घालू नका, खिडक्या गुडघ्याला येतात. खाली पार्किंग ठेवा आणि घरं वेगळ्या आरसीसी चौकटीवर वर घ्या.

सातबारा किंवा आखीव पत्रिकेवर भूधारणा तपासा. नझूलची (सरकारी मालकीच्या शहरी जमिनीची) लीज असेल तर वापर बदलायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती हाती येईपर्यंत बयाणा देऊ नये.

नवी चौकट काळ्या मातीवर साध्या पायानं टिकत नाही. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब) किमान साडेतीन मीटर खोल घ्या आणि प्लिंथ बीमखाली (जोत्याच्या तुळईखाली) 8 सेंटीमीटर पोकळी सोडा. मिस्त्री ती मुरुमानं भरून टाकतात. मग फुगलेली माती बीम उचलते आणि भिंत तिरकी तडकते.

जुन्या विटा चुन्यात बांधलेल्या असतात. त्यावर सिमेंटचं प्लास्टर चढवलं की ओल आत कोंडते, लोणा लागतो. चुन्याचाच गिलावा करा. छताचे सिमेंटी पत्रे आस्बेस्टॉसचे असू शकतात. ओले करून, न फोडता, हूक-बोल्ट कापून अख्खे उतरवा. मशीनखालच्या मातीत तेल मुरलेलं असतं. काळ्या मातीत ते रंगावरून कळत नाही, वासावरून ओळखा. ती माती नदीत लोटू नका.

शोषखड्डा काळ्या मातीत तुंबतो. तो मुरुमाच्या थरापर्यंत न्या, विहिरीपासून किमान 18 मीटर लांब ठेवा, आणि ड्रेनेजच्या बाहेरच्या तोंडाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवा; नाहीतर पुराचं पाणी संडासातून घरात चढतं.