कॅडी व्हायचंय? आधी पावलं मोजायला शिका

जळगाव-धुळ्याकडचं कुणी कॅडीच्या, म्हणजे गोल्फ खेळाडूची बॅग सांभाळून त्याला अंतर सांगणाऱ्याच्या, कामाबद्दल विचारलं की मी आधी हेच सांगतो: वजनाची धास्ती सोडा, अंतर शिका. गावी अजून लोकांना वाटतं, मी साहेबांच्या पिशव्या वाहतो. ‘तू तठे काय करस रे?’ याचं उत्तर लांबत जातं, म्हणून मी ‘गोल्फ क्लबात आहे’ म्हणून मोकळा होतो.

बॅग दहा-पंधरा किलोची, कुठे कुठे ट्रॉलीही मिळते. अठरा होलचा, म्हणजे चेंडू घालायच्या अठरा खळग्यांचा, राउंड चार-साडेचार तास चालतो. मे महिन्यात केळीला पाणी भरलेल्या पोराला पुण्या-नाशिकचं ऊन काय करणार! घाम फुटतो तो खेळाडूने ‘किती आहे?’ विचारल्यावर. हिशोब सगळा यार्डात, आणि यार्ड म्हणजे तीन फूट. गावी असतानाच बांधावर टेपने नव्वद फूट आखा आणि ते बरोबर तीस पावलांत संपेल अशी चाल बसवा. केळी पाच फुटांवर लावली असेल तर टेपही नको, दोन झाडांमधली अठरा अंतरं धरा. कोर्सवर, म्हणजे मैदानावर, ग्रीनपर्यंतच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतापर्यंतच्या) अंतराच्या 100, 150, 200 यार्डांच्या खुणा असतात. खुणेपासून चेंडूपर्यंत पावलं टाकायची, मग चढ आणि वारा बघून आकडा सांगायचा. खुणेचा आकडा ग्रीनच्या मध्यापर्यंतचा की पुढच्या कडेपर्यंतचा, हे मात्र पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

नियम पाठ हवेत, कारण कॅडी चुकला तरी दंड खेळाडूला बसतो. बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, चालतात. 2001 च्या ब्रिटिश ओपनमध्ये इयान वूस्नमच्या बॅगेत पंधरावा निघाला आणि दोन फटके वाढले. सुरू करण्याआधी क्लब मोजायला अर्धा मिनिट लागतो. शिवाय 2019 पासून, खेळाडू स्टान्स घ्यायला, म्हणजे फटक्यासाठी पाय रोवायला, लागला की कॅडीने त्याच्या मागे चेंडूच्या रेषेत मुद्दाम उभं राहायचं नाही. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) रेक फिरवणं, चेंडू आदळून ग्रीनवर पडलेले खड्डे बुजवणं, पटच्या (ग्रीनवरच्या हलक्या फटक्याच्या) रेषेवर पाय किंवा सावली न पाडणं हे हाताखाली राहून आपोआप येतं. गप्प बसणं उशिरा येतं, आपल्याकडच्या बोलक्या माणसाला तर फारच.

शिरकाव कॅडीमास्टरकडून, म्हणजे कॅडींना काम वाटून देणाऱ्याकडून. डिग्री कुणी विचारत नाही. ओळखपत्र न्या आणि जुन्या कॅडीच्या मागे बिनबोभाट फिरा. गोल्फ क्लबात पैसे बहुधा राउंडवर, वर बक्षिसी. व्यावसायिक खेळाडूकडे लागलात तर आठवड्याचे ठरलेले पैसे आणि बक्षिसाच्या रकमेत टक्केवारी, पण तिथे मुक्काम-प्रवास कोणाच्या खिशातून, हे निघण्याआधी बोलून घ्या.

1991 ला इंडियन ओपन जिंकणारा अली शेर कॅडीगिरीतूनच वर आला. तेवढ्यावर घर सोडू नका. पावसाळ्यात राउंड कमी होतात, म्हणून मी नवीन पोरांना दिवाळीनंतर या म्हणतो, हातात चार पैसे ठेवून.