वाद्यवृंदातली शेजारची खुर्ची

बडोद्यात वाद्य शिकणाऱ्या मुलाला नातेवाईक ठरलेले प्रश्न विचारतात. कितवी परीक्षा झाली, राग किती बसले, कार्यक्रम कधी. तू कोणाच्या शेजारी बसून वाजवतोस, हे कोणीच विचारत नाही. माझ्या अनुभवात शाळा-कॉलेजच्या वयातल्या वादकाचा हात सुधारतो तो शेजाऱ्यामुळे, आणि असा शेजारी मिळतो वाद्यवृंदात. नव्यानं वृंदात बसू पाहणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आई-बाबांसाठी हे लिहितेय.

मी हिंदुस्थानी पद्धतीचं व्हायोलिन शिकले. मांडी घालून, व्हायोलिनचं टोक घोट्यापाशी टेकवून, समोर गुरुजी. तिथे आपलं वाजवणं तपासणारे दोघंच, गुरुजी आणि आपण. त्यातल्या आपल्या कानांना आपल्याच बारीक कणसुरांची सवय होऊन जाते. मग कुमारवयीन मुलांच्या वृंदात मला दुसऱ्या रांगेत खुर्ची मिळाली. शेजारी वयानं बराच मोठा एक दादा, आणि दोघांत मिळून नोटेशनची पानं ठेवायचा एक स्टँड. (आमच्या वृंदात मोठे सगळे ‘भाई’ नाहीतर ‘बेन’, पण हा दांडिया बाजारातला मराठी, म्हणून दादा.)

एका स्टँडवर दोघं बसले की कामाची वाटणी होते. ही शिस्त पाश्चात्त्य वाद्यवृंदातून आली आहे. प्रेक्षकांच्या बाजूला बसलेला वाजवत राहतो, आतल्या बाजूचा पान उलटतो आणि वृंद चालवणाऱ्या सरांनी काही बदललं की पेन्सिलीनं खूणही तोच करतो. नव्या मुलांना हे हमालीचं काम वाटतं. पण पान वेळेवर उलटायचं तर हात वाजवत असतो त्याच्या चार मात्रा पुढे डोळे असावे लागतात. नोटेशन वाचत वाजवण्याची निम्मी तयारी या पान उलटण्यातच होते.

दादा फारसा बोलायचा नाही. त्याचा बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, खाली येत असताना माझा वर जात असला, तर ते दोघांनाही डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचं, तेवढं पुरे. सगळ्यांचे बो एका दिशेनं जावेत हा नुसता दिखाऊपणा नाही. बो मुठीकडच्या भागात जड आणि टोकाकडे हलका लागतो, म्हणून खाली ओढलेल्या स्वराला आपसूक वजन येतं. अर्धी रांग समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, बो वर ढकलत असेल तर सम बसतच नाही. एकट्यानं वाजवताना मी बो पुरेल तसा वापरायचे, संपला की उलटा फिरवायचे. वृंदात प्रत्येक ओळीला बो किती वापरायचा हे आधी ठरलेलं असतं. तेव्हा पहिल्यांदा मी बोचा हिशेब करायला लागले.

मींडेचं तर खास सांगायला हवं. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, आणि आपल्या संगीतात ती ज्याची त्याची सही. यमन रागात पंचमावरून (प) रिषभावर (रे) येताना एक जण लगेच सुटतो, दुसरा पंचमावर रेंगाळून शेवटच्या क्षणी घसरतो. दोन्ही सुंदर. पण आठ व्हायोलिनं आपापल्या मनानं घसरली की ऐकणाऱ्याला नुसता चिखल ऐकू येतो. आमचे सर मग मींड मात्रांत मोजायला लावायचे: पंचम दोन मात्रा स्थिर, तिसऱ्या मात्रेला सुटायचं, रिषभ बरोबर समेवर. नाही जमलं की गुजरातीत एकच शब्द, “फरीथी!” आणि पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला माझ्या गुरुजींना हे अजिबात पटलं नव्हतं. मींड कधी मोजून घेतात का, असं त्यांचं म्हणणं. ते चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण आपली मींड नेमकी कुठे सुटते आणि कुठे पोचते, हे मला कळलं ते या मोजणीमुळे. एकट्यानं वाजवताना ती आज मोकळी सोडते, तेव्हाही ती कुठून कुठे चाललीय याचं भान असतं.

दुसरी गोष्ट सरांच्या हाताची. नवी मुलं तबला ऐकून वाजवतात, आणि मंच मोठा असला की मागे पडतात. साधं गणित आहे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. तबला 15 मीटरवर असेल तर त्याचा ठेका तुमच्यापर्यंत यायला सेकंदाचा सुमारे तेविसावा भाग लागतो. मिनिटाला 240 मात्रांच्या द्रुत तीनतालात दुगुनीचा, म्हणजे मात्रेला दोन स्वर वाजवतानाचा, एक स्वर सेकंदाच्या आठव्या भागाचा. म्हणजे ऐकून वाजवलंत तर तुम्ही स्वराच्या एक-तृतीयांशानं उशिरा. नगरगृहातल्या मंचावर हे फार जाणवतं. म्हणून नजर सरांच्या हाताकडे, आणि कान शेजाऱ्याकडे. तोही तुमच्याइतकाच तबल्यापासून लांब असतो, पण त्याचा आवाज तुमच्यापर्यंत लगेच पोचतो.

सूर जुळवण्याचंही तेच. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ओबो सूर देतो आणि बाकीचे त्याला मिळतात. आमच्याकडे तानपुरा किंवा हार्मोनियमचा षड्ज (सा). बडोद्याच्या मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत तालीम करून पाहा. तारा तापून सैल होतात, सतार-व्हायोलिन उतरतं. बासरी उलट चढते. नळीतली हवा दहा अंशांनी तापली तर जवळपास 30 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्सा जवळजवळ. पावसाळ्यात तबल्याचं कातडं दमट होऊन ढिलं पडतं ते वेगळंच. एकट्या वादकाला हे सगळं सांभाळायची वेळ क्वचित येते. वृंदात अर्ध्या तासानं कोण कुठे सरकलाय हे ओळखून बोट किंचित वर-खाली करावं लागतं. कानाला यापेक्षा चांगला व्यायाम मला तरी माहीत नाही.

कोणी म्हणेल, आपलं संगीत एकट्याचं, हे साहेबी खूळ कशाला? उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी मैहरमध्ये 1918 च्या सुमारास साथीच्या रोगात अनाथ झालेल्या मुलांना जमवून वृंद उभा केला होता. बंदुकीच्या नळ्यांपासून नलतरंग हे वाद्य बनवलं ते त्याच मुलांसाठी. आकाशवाणीनं 1952 मध्ये दिल्लीत वाद्यवृंद सुरू केला, त्याची धुरा पंडित रविशंकर यांच्याकडे होती आणि ते याच खाँसाहेबांचे शिष्य. आपल्या गावाचं म्हणाल तर महाराजा सयाजीराव गायकवाडांनी 1886 मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली. संगीत वर्गात बसवून, लिहून शिकवायचं, हे तेव्हा अनेक उस्तादांना मान्य नव्हतं. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी त्याच शाळेचा विस्तार आहे. तेव्हा समूहात शिकण्याची लाज निदान बडोदेकरांनी तरी बाळगू नये.

आता जे मिळत नाही तेही सांगते. रागाची बढत, म्हणजे राग मनानं स्वर-स्वर फुलवत नेणं, वृंदात शिकता येत नाही. आलाप बहुधा एखाद्या बासरीवाल्याला मिळतो आणि तुम्ही बोटं तारेवर ठेवून वाट पाहता. आकाशवाणीच्या ऑडिशनला एकट्यालाच बसावं लागतं, तिथे दुसऱ्या रांगेतल्या अनुभवाला गुण नाहीत. तालमीच्या दिवशी घरचा रियाज बुडतो, आणि काही मुलं तालमीलाच रियाज समजायला लागतात. त्यांची तयारी दोन वर्षांत थांबलेली मी पाहिली आहे. गुरूंना विचारल्याशिवाय वृंदात जाऊ नका, हे जुन्या वळणाचं वाटलं तरी सांगतेच. हाताची ठेवण दोन ठिकाणी दोन तऱ्हेची शिकवली गेली तर नुकसान मुलाचंच होतं.

कामाचं म्हणाल तर बडोद्यात सर्वांत मोठी मागणी नवरात्रीत. गरब्याच्या मोठ्या मैदानांवर गायकामागे कीबोर्ड, ढोल, ऑक्टोपॅड, बासरी, बेंजो असा ताफा नऊ रात्री तासन्‌तास वाजवतो आणि गायक मनात आलं की एका गरब्यातून दुसऱ्यात जातो. वृंदात बसलेली मुलं तिथे पटकन टिकतात, कारण खुणेवर चाल बदलणं आणि आपली पाळी नसताना गप्प राहणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. स्टुडिओत हेडफोनमधल्या क्लिकच्या, म्हणजे लय दाखवणाऱ्या टिकटिकीच्या, तालावर वाजवतानाही हेच कामी येतं. मात्र नवरात्रीचे पैसे दिसायला लागले की पुढच्या परीक्षा मागे पडतात, हेही दर वर्षी पाहते.

पहिल्या दिवशी येताना पेन्सिल, खोडरबर, तारांचा जास्तीचा संच आणि बोला लावायची राळ आणा. पेन नको. सर दर आठवड्याला काहीतरी बदलतात. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी या, कारण वाद्य लावायचा वेळ तालमीत धरत नाहीत. कोणत्या रांगेत बसायचं यावर घासाघीस करू नका, पण कोणाच्या शेजारी बसायचं हे जमलं तर हळूच सुचवा. आपल्यापेक्षा थोडा पुढे असलेला निवडा. फार पुढचा नको, त्याचा वेग पाहून हात आखडतो.

दहावीच्या वर्षी सोडावं का, असं आया हमखास विचारतात. सोडू नका. जानेवारीपासून एक दिवसाआड येतो, मागच्या रांगेत बसू द्या, असं सरांना सांगा. बहुतेक सर मान्य करतात. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली की सुट्टीतल्या कार्यक्रमांना त्यांनाही माणसं लागतातच.