व्हॉट्सॲपवरचा आरोग्य-सल्ला कसा पारखावा

एप्रिल २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये सोलापूरच्या पूर्व भागातले माग थांबले होते. गल्ली इतकी गप्प, की शेजारच्या घरात वाजणारी ‘मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांची’ क्लिप भिंतीतून शब्द न् शब्द ऐकू यायची. त्या दिवसांत आलेला प्रत्येक मेसेज मी पारखायचो. ‘विश्वासू ठिकाणचीच माहिती घ्या’ हा सल्ला फुकटचा आहे. आमच्या आत्याला सगळ्यात विश्वासू तिचा भजनी ग्रुपच.

आधी मेसेजवर दुहेरी बाण आहे का बघा. असला तर तो पाठवणाऱ्याचा अनुभव नव्हे, हातोहात फिरून आलेला माल.

पुढचं काम अवघड. सुरुवातीला मी अख्खा मेसेज गूगलमध्ये टाकायचो. तोच मेसेज पन्नास ठिकाणी सापडायचा आणि वाटायचं, एवढे जण म्हणतायत म्हणजे खरंच असणार. असं करू नका. मेसेजमधला एकच आकडा उचला, तेवढाच तपासा. ‘अल्कधर्मी खा, कोरोना पळवा’ ही यादी आठवते? लिंबाचा पीएच ९.९, ॲव्होकॅडोचा १५.६! (लक्ष्मी मंडईत तेव्हा ॲव्होकॅडो शोधून दाखवायचा होता.) शाळेतली पीएचची पट्टी ० ते १४, आणि लिंबू दोनच्या आसपास, म्हणजे चक्क आम्ल. यादी तिथेच मिटवायची.

आकडाच नसेल तर जास्त सावध. कापूर, ओवा, लवंगेची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, या मेसेजने मलाच गंडवलं. काका हुंगत बसले, ‘बरं वाटतंय’ म्हणाले. ऑक्सिमीटर ९१ दाखवत होता. बिघडला असेल म्हणून आम्ही सेल बदलले. सेल नवे, आकडा ९१च. अर्धा दिवस त्यात घालवला, मग बेड शोधायला पळालो. कापराने नाकाला गार वाटतं. रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. तेव्हापासून माझा एकच प्रश्न: हे केल्यावर मोजून काय बदलतं? आणि आकडा ९४ च्या खाली गेला की फोन डॉक्टरांना, ग्रुपला नाही.

तेव्हा डॉक्टर उचलत नसतील तर १०७५ ही कोरोनाची सरकारी हेल्पलाइन होती.

खोटं निघालेल्या मेसेजवरून ग्रुपमध्ये कुणाला झापू नका. मी आत्याला एकदा सगळ्यांदेखत खोटं पाडलं. ती पंधरा दिवस बोलली नाही आणि तोच मेसेज भजनी ग्रुपवर टाकत राहिली. आता फोन करतो, जेवलीस का विचारतो, मग हळूच, “आत्या, तो लिंबाचा तेवढा काढून टाक की गं.”