डर्बीची सेटिंग एकीकडे, डेटा दुसरीकडे

जावा प्रोग्रॅमच्या पोटात चालणाऱ्या अपाची डर्बी या डेटाबेस सॉफ्टवेअरला काही सांगितलं नाही, तर प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून सुरू केला तेच ती आपलं घर मानते. डर्बी.प्रॉपर्टीज ही सेटिंगची फाइल तिथेच शोधते, डर्बी.लॉग ही चुका व घडामोडींची नोंद तिथेच लिहिते, डेटाबेसही तिथेच. उद्या कुणी प्रोग्रॅम दुसऱ्या फोल्डरमधून चालवला आणि यूआरएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला जोडणाऱ्या पत्त्यात, क्रिएट=ट्रू (नसेल तर नवा बनव) असेल, तर ती मुकाट्याने नवा, रिकामा डेटाबेस बनवते. डेटा उडाला असं वाटतं. तो जुन्या जागी सुखरूप असतो.

म्हणून दोन फोल्डर करा. समजा सेटिंगसाठी /ओपीटी/दुकान/कॉन्फ आणि डेटासाठी /व्हार/लिब/दुकान. जावाच्या कमांडमध्ये -डीडर्बी.सिस्टम.होम=/ओपीटी/दुकान/कॉन्फ द्या. कोडमधून द्यायचं असेल, तर पहिल्या कनेक्शनच्या आधी. डर्बी.प्रॉपर्टीजमध्ये ही ओळ लिहून उपयोग नाही, कारण ती फाइलच या पत्त्यावरून सापडते. यूआरएलमध्ये मात्र पूर्ण पाथ हवा: जेडीबीसी:डर्बी:/व्हार/लिब/दुकान/हिशेब. नुसतं ‘हिशेब’ लिहिलं, तर डेटा पुन्हा कॉन्फमध्ये जाईल. क्रिएट=ट्रू फक्त पहिल्या इन्स्टॉलेशनच्या वेळी वापरा.

डर्बी.लॉगची जागा डर्बी.प्रॉपर्टीजमध्ये डर्बी.स्ट्रीम.एरर.फाइलने बदला, मग कॉन्फ फोल्डरला लिहिण्याची परवानगी लागत नाही. डर्बी दर वेळी सुरू होताना जुना लॉग पुसते. तो राहू द्यायचा असेल, तर डर्बी.इन्फोलॉग.अपेंड=ट्रू.

डेटाबेसच्या फोल्डरमधली सर्व्हिस.प्रॉपर्टीज ही फाइल नावामुळे फसवते. ती डर्बीची स्वतःची आहे. हलवू नका, हाताने बदलू नका. ती गेली तर डेटाबेस उघडत नाही. सेग0 आणि लॉग या फोल्डरांनाही हात लावू नका. ट्रान्झॅक्शन लॉग (डेटातल्या बदलांची नोंद, डर्बी.लॉग नव्हे) दुसऱ्या डिस्कवर हवा असेल, तर डेटाबेस बनवतानाच यूआरएलमध्ये लॉगडिव्हाइस द्या.

फाइल बदलूनही फरक दिसत नसेल, तर आधी प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा. तरीही नाही? मग अग्रक्रम बघा: कमांडवरची सेटिंग सर्वांत वरची, मग डेटाबेसमध्ये साठवलेली, शेवटी डर्बी.प्रॉपर्टीज. उदाहरणार्थ, डर्बी.लॉक्स.वेटटाइमआउट, म्हणजे अडवलेला डेटा मोकळा होण्याची वाट किती वेळ पाहायची तो आकडा, मुळात 60 सेकंद असतो. तो कुणी एसवायएससीएस_सेट_डेटाबेस_प्रॉपर्टी या डर्बीच्या तयार प्रोसीजरने डेटाबेसमध्ये लिहून ठेवला असेल, तर फाइलमधला आकडा वायाच. त्याच प्रोसीजरला नल (‘काहीच नाही’) देऊन तो काढा.

डेटा हलवण्याआधी यूआरएलमध्ये डेटाबेसचं नाव न देता शटडाउन=ट्रू देऊन डर्बी नीट बंद करा. त्यावर एक्सजे015 हा एक्सेप्शन, म्हणजे चुकीचा इशारा देणारा संदेश, येतो. तीच यशाची खूण आहे.